कळंबाचा बदनाम भाऊ

आपल्याकडे माणसांप्रमाणे झाडांनाही चालचलणुकीचे दाखले देण्याची रीत आहे. तुळस पवित्र, वड पूज्य, कडुनिंब गुणी, धोत्रा विषारी आणि गांजा तर थेट पोलिसांच्या ताब्यात. एकदा दाखला मिळाला की तो सहसा बदलत नाही. खानदेशातले याचे ठळक उदाहरण म्हणजे मोह. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांसाठी मोहाचे फूल म्हणजे टंचाईच्या दिवसांतले अन्न आणि बाजारच्या दिवशी हाती पडणारे चार पैसे. पण त्याच फुलापासून दारूही निघते. एवढ्या एका गुणावर बोट ठेवून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि विक्रीवर निर्बंध आले. ते शिथिल व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. सत्तर वर्षे एक झाड संशयित म्हणून जगले, आणि ज्यांच्या घरात त्याची फुले वाळत होती ती माणसेही.

आज जगाच्या पाठीवर असाच आणखी एक वृक्ष आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. त्याचे नाव क्रॅटम. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाच्या ओल्या, दलदलीच्या जंगलांत वाढणारे हे झाड. त्याची पाने चघळणाऱ्यांना ते कष्टाचा सोबती वाटते, तिकडच्या पोलिसांना ते अनेक वर्षे अमली पदार्थ वाटत आले, अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना ती सोन्याची खाण वाटते आणि शास्त्रज्ञांना न सुटलेले कोडे. हे सगळे आपल्यापासून हजारो मैलांवर चालले आहे, मग रविवारच्या सकाळी जळगाव-धुळ्याच्या वाचकाने त्यात डोके का घालावे?

घालावे, कारण क्रॅटमचा सख्खा भाऊ आपल्या अंगणात उभा आहे. त्याला आपण कळंब म्हणतो, कुठे कळम म्हणतो. सातपुड्याच्या उतारांवर, साक्रीकडच्या डोंगरांत, ओढ्यानाल्यांच्या काठी तो पिढ्यान्‌पिढ्या वाढतो आहे. क्रॅटमचे शास्त्रीय नाव मित्रागायना स्पेसिओसा, कळंबाचे मित्रागायना पार्विफोलिया. आडनाव एक, पाळण्यातले नाव वेगळे. भावाच्या बाबतीत जगाने ज्या चुका केल्या, त्या पाहून आपण या भावाशी कसे वागायचे ते ठरवता येईल.

आधी ओळख नीट करून घेऊ, कारण कळंबाच्या बाबतीत पहिला गोंधळ नावाचाच आहे. कळंब नावाची गावे महाराष्ट्रात जागोजागी सापडतात, पण कळंबाचे झाड दाखवा म्हटले तर पुष्कळ जण कदंबाकडे बोट दाखवतात आणि काही हेदूकडे. तिघेही एकाच कुळातले, तिघांचीही फुले चेंडूसारखी गोल, त्यामुळे चूक होणे स्वाभाविक आहे. कदंबाचे पान मोठे आणि चेंडू नारिंगी, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा. हेदूचे पान पिंपळासारखे हृदयाच्या आकाराचे, चेंडू लहान आणि पिवळसर. कळंबाचे पान लंबगोल ते गोलसर, आणि चेंडू जेमतेम इंचभर, मलईच्या रंगाचा, गोड वासाचा. उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडाशी तो फुलतो आणि मधमाश्यांची झुंबड उडते. साल राखाडी, बरीचशी गुळगुळीत. तिच्या पातळ खपल्या निघतात आणि मागे खोलगट डाग राहतात. फुले गेली की चेंडू वाळून काळपट होतात आणि बरेच दिवस फांद्यांवर तसेच राहतात. बी इतके बारीक की चिमटीत धरले तर दिसू नये. दोन्ही टोकांना पंखासारखा पापुद्रा असल्याने ते वाऱ्यावर जाते, पाण्यावर जाते.

आणखी एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कृष्णकथेतला कदंब म्हणजे आज बागांतून लावतात तो मोठा नारिंगी चेंडूंचा वृक्ष, असे आपण धरून चालतो. पण तो ओल्या जंगलातला. मथुरा-वृंदावनच्या कोरड्या मुलखात तो आपण होऊन वाढत नाही. तिथे वाढतो तो कैम, म्हणजे आपला कळंब. म्हणून काही वनस्पती-अभ्यासकांचे मत असे की यमुनेकाठचा कदंब तो हाच असावा. मत खरे असेल तर ज्या झाडाला आपण सरपणाच्या भावाने तोडतो, त्याच्या फांद्यांवर गोपींची वस्त्रे टांगली गेली होती म्हणायची!

शास्त्रीय नावाचा इतिहासही रंजक आहे. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात आपल्या कळंबाचे वर्णन केले. पुढे १८३९ साली पीटर विलेम कोर्थाल्स या डच अभ्यासकाने त्याच्यासाठी आणि त्याच्या भाऊबंदांसाठी 'मित्रागायना' ही जात स्थापली. नाव ऐकून आपल्याला 'मित्र' आठवतो, पण मूळ शब्द ग्रीक. फुलातल्या स्त्रीकेसराचे टोक ख्रिस्ती बिशपच्या उंच टोपीसारखे दिसते, म्हणून 'मित्रा', म्हणजे शिरोभूषण. हे सारे कॉफीच्या कुळातले. कॉफी, मलेरियावरचे क्विनाइन देणारा सिंकोना, आयुर्वेदातली मंजिष्ठ, बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ती इक्झोरा ही सगळी याच गोतावळ्यातली. या कुळाने माणसाला तरतरीही दिली आणि तापावरचे औषधही दिले. तेव्हा त्यातल्या एखाद्या झाडाच्या पानात काही दडलेले असेल, याचे आश्चर्य वाटायला नको.

आता भावाची कहाणी. थायलंडच्या दक्षिणेत रबराच्या मळ्यांत, भातखाचरांत राबणारी माणसे क्रॅटमची ताजी पाने तोडतात, मधली शीर काढून टाकतात आणि चघळतात. मलेशियात त्याला केतुम म्हणतात आणि पाने उकळून काढा पितात. थोडे घेतले तर तरतरी येते, उन्हाचा त्रास कमी जाणवतो, अंगदुखी विसरते. जास्त घेतले तर गुंगी येते. आपल्याकडे केळीच्या बागेत घड वाहणारा किंवा कापूस वेचणारा मजूर तंबाखू-चुन्याची चिमूट ओठाखाली धरतो, त्यामागची गरज हीच. कष्ट फार, विसावा कमी, आणि दिवस तर रेटायचा आहे. नशेच्या प्रश्नावर व्याख्याने देताना ही गरज आपण विसरतो. क्रॅटमचा जन्म चैनीच्या खोलीत झाला नाही, तो शेताच्या बांधावर झाला.

त्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा. अफूच्या व्यसनातून सुटू पाहणारी माणसे अफूऐवजी ही पाने वापरीत. मलायात असा वापर होत असल्याची नोंद १८३६ सालापासून सापडते. आणि इथे या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे त्या काळात, मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहणारे विल्यम डायमॉक, उटीला सिंकोनाच्या सालीची परीक्षा करणारे सरकारी रसायनज्ञ डेव्हिड हूपर आणि कलकत्त्याचे वॉर्डन या तिघांनी मिळून १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्याच हूपर यांनी पुढे १९०७ साली क्रॅटमच्या पानांची परीक्षा करून त्यातले अल्कलॉइड वेगळे केले. त्यांच्या टिपणाचे शीर्षकच 'अफूविरोधी पान' अशा अर्थाचे होते. १९२१ साली एडिंबरोच्या एलन फील्ड यांनी तेच द्रव्य पुन्हा मिळवून त्याला मित्रागायनिन हे नाव दिले. १९३२ साली के. एस. ग्रेवाल यांनी केंब्रिजमध्ये त्याचे प्राण्यांवर आणि माणसांवर होणारे परिणाम तपासले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच विज्ञानाने हे दार ठोठावले होते, आणि ठोठावणाऱ्यांत एक भारतीय नावही होते.

दार उघडायच्या आतच कायदा मध्ये आला. थायलंडने १९४३ साली क्रॅटमवर बंदी घातली. कारण काय असावे? त्या देशात तेव्हा अफू सरकारी मक्त्यात कायदेशीरपणे विकली जात होती आणि तिच्यावरचा कर तिजोरीत पडत होता. लोक अफू सोडून फुकटचे पान चघळू लागले तर महसूल बुडणार, हा विचार बंदीमागे होता असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. अफूची कायदेशीर विक्री तिथे १९५९ पर्यंत चालू राहिली. म्हणजे सोळा वर्षे असा काळ होता की विष दुकानात मिळत होते आणि उतारा तुरुंगात जमा होता. पुढे परसातले झाड म्हणून ते बाळगणारे शेतकरी गुन्हेगार ठरत गेले. अखेर २४ ऑगस्ट २०२१ रोजी थायलंडने क्रॅटमला अमली पदार्थांच्या यादीतून वगळले आणि हजारो लोकांवरचे खटले निकालात निघाले. आपल्या मोहफुलांवरचे निर्बंधही त्याच वर्षी सैल झाले, हा योगायोगच.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून क्रॅटम म्हणजे अन्यायाने छळलेला साधुपुरुष असे वाटू लागेल. तसेही नाही. कहाणीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. आपल्या मेंदूत काही कुलपे असतात. मॉर्फिनची किल्ली त्यांत बसली की वेदना थांबते, सुख वाटते आणि मात्रा वाढली तर श्वासही थांबतो. मित्रागायनिन त्याच कुलपात बसते, फक्त किल्ली पूर्ण फिरवत नाही. त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका मॉर्फिनपेक्षा कमी असावा, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसते. पण कुलूप तेच असल्याने सवय लागते, आणि रोज भरपूर पाने चघळणाऱ्याने एकाएकी सोडले तर अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, झोप उडते, चिडचिड होते. १९७५ साली थायलंडमध्ये सुवनलर्त यांनी क्रॅटमच्या जुन्या सवयीच्या लोकांची पाहणी केली, तेव्हा वजन घटणे, बद्धकोष्ठ, गालांची कातडी काळवंडणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. यकृताला इजा झाल्याची आणि झटके आल्याची उदाहरणेही पुढे वैद्यकीय नियतकालिकांत आली.

खरी उलथापालथ झाली ती पान बाजारात उतरल्यावर. अमेरिकेत क्रॅटमची भुकटी आणि कॅप्सूल दुकानांतून मिळू लागल्या. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने तो समाज पोखरला गेला होता, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होते. २०१६ साली तिथल्या सरकारने बंदीचा इरादा जाहीर केला आणि लोकांच्या ओरड्यापुढे दोन महिन्यांत तो मागे घेतला. २०१८ साली क्रॅटमच्या भुकटीतून साल्मोनेला जंतूंचा फैलाव झाला. आणि मग व्यापाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. पानात अगदी नगण्य प्रमाणात असणारे, मित्रागायनिनपेक्षा कितीतरी तीव्र असे एक द्रव्य आहे, ७-हायड्रॉक्सीमित्रागायनिन. ते घट्ट करून गोळ्या विकणे सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तीव्र गोळ्यांवर निर्बंधांची शिफारस केली आणि आपला रोख नैसर्गिक पानाकडे नाही, हेही स्पष्ट केले. त्याआधी २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी क्रॅटमवर जागतिक बंदीच्या दिशेने जाण्याइतका पुरावा नाही, पण लक्ष ठेवावे, असा निर्वाळा दिला होता.

या दोनशे वर्षांच्या कहाणीचे सार काढले तर असे दिसते की तीन गोष्टी उलट्या क्रमाने घडल्या. आधी बंदी आली, मग बाजार आला आणि सर्वांत शेवटी, धापा टाकत, अभ्यास आला. बंदी घालणाऱ्यांनी पान तपासले नाही, विकणाऱ्यांनीही तपासले नाही. आणि ज्यांना त्या पानाची मात्रा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्या शेतकऱ्यांना दोघांपैकी कोणीही विचारले नाही. शेतात चघळलेले पान आणि कारखान्यात घट्ट केलेली गोळी यांत तोच फरक आहे, जो उसाचा रस आणि दारूच्या भट्टीत आहे. झाड तेच राहते. मात्रा, माणूस आणि हेतू बदलला की औषधाचे विष होते.

आता आपल्या कळंबाकडे वळू. सर्वांत आधी एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण भाऊ म्हटले की लोकांची कल्पनाशक्ती धावू लागते. कळंब म्हणजे देशी क्रॅटम नव्हे. लंडनच्या चेल्सी महाविद्यालयातील प्रा. शेलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत या जातीतल्या आशियाई झाडांची पाने एकेक करून तपासली. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश अशा ठिकाणांहून कळंबाचे नमुने मागवले. त्यांच्या तपासणीत मित्रागायनिन निघाले ते क्रॅटममध्ये. कळंबात मिळाली ती मित्राफिलिन, रिंकोफिलिन अशी वेगळ्या घडणीची अल्कलॉइडे. गंमत अशी की ही द्रव्ये क्रॅटमपेक्षा चीनच्या वैद्यकात शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या गौ-तेंग या वेलीशी आणि पेरू देशातल्या 'मांजरीची नखी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेलीशी अधिक जुळतात. आडनाव एक असले तरी स्वभाव दूरच्या मावसभावंडांसारखा. तेव्हा कळंबाची साल चघळून कोणाला तरतरी किंवा नशा मिळेल ही आशा नको आणि मिळेल ही भीतीही नको. या शेलार्ड मंडळींच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकाच कळंबाच्या पानातली द्रव्ये प्रदेशागणिक बदलतात. ब्रह्मदेशचा कळंब आणि श्रीलंकेचा कळंब रसायनाच्या दृष्टीने एक नव्हेत. मग सातपुड्याचा कळंब कोणाशी जुळतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्याशिवाय दुसरे कोण शोधणार?

लोकव्यवहारात कळंब साधाच आहे. ताप, पोटशूळ, अंगदुखी यांवर सालीचा आणि मुळाचा काढा. जखमेवर, सुजेवर पानांचा लेप. पाला गुरांना चारतात. लाकूड फिकट, कापायला सोपे. त्यापासून शेतीची अवजारे, फण्या, खेळणी, घराचे सामान होते. म्हणजे माणूस, बैल, घर आणि शेत या चौघांनाही उपयोगी पडणारे हे झाड. त्याला देवत्व मिळाले नाही आणि बदनामीही मिळाली नाही, बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने खानदेश अगदीच मागे आहे असेही नाही. धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबार जिल्ह्यांची वनस्पतिसूची २००३ साली प्रसिद्ध केली आणि क्षीरसागर-पाटील या जोडीने जळगाव जिल्ह्याची सूची २००८ साली. इतक्या तपशिलाने आपल्या जिल्ह्याची झाडे मोजलेली असणे हे भाग्य प्रत्येक प्रदेशाला लाभत नाही. शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१० साली कळंबाच्या अर्काचा कृमिनाशक गुण प्रयोगशाळेत तपासून प्रसिद्ध केला. देशात इतरत्र उंदरांवर प्रयोग झाले, त्यांत सूज आणि वेदना कमी होत असल्याचे आढळले. हे सगळे आशादायक आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि काचेच्या बशीतला कृमी म्हणजे मुलाच्या पोटातला जंत नव्हे. अशा प्रत्येक निबंधाच्या शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य असते. ते वाक्य लिहून झाले की बहुतेक वेळा प्रकरण बंद होते. गरज होती, ती भागली नाही, आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा पहिल्या पायरीपासून दुसऱ्या झाडावर तोच प्रयोग करतो. कळंबाची सुरक्षित मात्रा किती, यकृतावर परिणाम काय, चालू औषधांशी त्याचे जमते का, हे प्रश्न तसेच राहतात.

इथे दोन टोकांची मंडळी भेटतात. एक म्हणतात, जंगलातल्या भगताचे औषध ते काय तपासायचे? सगळी अंधश्रद्धा. त्यांना आठवण करून द्यावी लागेल की क्विनाइनही एका झाडाची साल होती आणि ती पेरूच्या आदिवासी भागातूनच युरोपला गेली. दुसरे म्हणतात, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, तपासायची गरजच नाही. आणि जे काही तपासाल ते परदेशी कंपनी पळवून नेईल. या दुसऱ्या भीतीत तथ्य आहे. हळदीने जखम भरते, हे आपल्या आजीला ठाऊक असलेले ज्ञान अमेरिकेत १९९५ साली पेटंट झाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करवून घेतले. पण ती लढाई कशाच्या बळावर जिंकली? जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुरावा म्हणून पुढे ठेवता आले म्हणून. हळदीला ग्रंथांचा आधार होता. कळंबाबद्दल पावरा आजीला जे ठाऊक आहे, ते कोणत्या ग्रंथात आहे? ते तिच्या तोंडी आहे, आणि तिच्याबरोबर जाणार आहे. न नोंदलेले ज्ञान चोरापासून सुरक्षित राहते, हा भ्रम आहे. चोरीला गेले तर ते आपले होते हे सिद्ध करायला मात्र काहीच उरत नाही.

यासाठी कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे ठरवले. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी या नोंदवहीच्या कल्पनेसाठी आयुष्य वेचले. पण २०२० च्या सुमारास राष्ट्रीय हरित लवादाचा दट्ट्या आला तेव्हा अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आपल्या गावची वही एकदा मागून पाहावी. त्यात कळंब आहे का? असला तर नावापुढे उपयोग, सांगणाऱ्याची ओळख, झाडांची जागा लिहिली आहे का? २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२४ पासून अमलात आली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाची वाटणी देण्यातून तिने सूट दिली. या तरतुदीवर वाद आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्याचा आपल्यासाठी अर्थ असा की ज्यांचे ज्ञान तोंडी आहे, त्यांच्या हक्काचा एकमेव साक्षीदार ही गावची वही. ती कोरी असेल तर साक्ष द्यायला कोणी नाही.

ज्ञान सांगणाऱ्याला वाटा मिळू शकतो, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. केरळातल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले आणि १९९५ साली एका औषध कंपनीला त्याचा परवाना दिला. परवान्याच्या रकमेतला आणि पुढच्या उत्पन्नातला निम्मा वाटा काणी समाजाच्या विश्वस्त निधीला द्यायचे ठरले. नंतर अडचणी आल्या, वनस्पतीची ओरबाड झाली, मतभेद झाले. तरीही वाट आहे, हे कळले. आणि जंगल राखण्याची वाट तर आपल्या दारातच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने शेकडो हेक्टर उजाड जंगल पुन्हा उभे केले, रानभाज्यांची स्पर्धा भरवून बायाबापड्यांच्या ज्ञानाला मान दिला. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. जंगल आधी, औषध नंतर, हा क्रम बारीपाड्याने लावून दाखवला आहे.

कारण झाडच उरले नाही तर बाकी सारी चर्चा फुकट आहे. यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले, पण सातपुड्यातली अतिक्रमणे आणि वृक्षतोड यांच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. सागाच्या चोरीची बातमी तरी होते. कळंब तुटला तर त्याची कोण दखल घेणार? त्याचे बी धुळीसारखे. ओली, मोकळी माती मिळाली तरच रुजते आणि पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जाते. रोप वाढवायला चिकाटी लागते, म्हणून रोपवाटिकांना गुलमोहर सोपा वाटतो. दर पावसाळ्यात कोटींनी रोपे लावण्याचे संकल्प सुटतात. त्यांत ओढ्याकाठी कळंबाची काहीशे रोपे लावण्याचा संकल्प का नसावा?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अवघडही नाही. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठाने आणि शिरपूर, धुळे, जळगावच्या औषधनिर्माण महाविद्यालयांनी दरवर्षी नवे झाड शोधण्याऐवजी एक कळंब पाच वर्षे धरून ठेवावा. सातपुड्याच्या पट्ट्यापट्ट्यातले नमुने, ऋतूप्रमाणे द्रव्यांत होणारा बदल, विषारीपणाची चाचणी, मात्रा, अशा एकेक पायऱ्या चढाव्यात. निबंधावर प्राध्यापकाबरोबर माहिती देणाऱ्या पाड्याचेही नाव यावे. वनखात्याने कळंबाची जुनी झाडे हेरून बियाण्यासाठी राखावीत. आणि घरोघरी आपण दोन पथ्ये पाळावीत. इंटरनेटवरून क्रॅटमची भुकटी मागवण्याचा मोह कोणी दाखवला तर त्याला बळी पडू नये. आपल्या देशात ते मान्य औषध नाही आणि पुड्यात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तसेच वाचलेल्या लेखाच्या जोरावर कळंबाचा काढा घरी करून पिऊ नये, गरोदर बायकांना आणि मुलांना तर मुळीच देऊ नये. परंपरेत काढा देणाऱ्या हाताला मात्रा ठाऊक असते. ती आपल्याला ठाऊक नाही.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची बेकायदा शेती पकडल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. झाड गुन्हेगार कसे बनते, हे खानदेशाला शिकवावे लागत नाही. झाड उपयोगी कसे राहते, हे मात्र अजून शिकायचे आहे. कळंबावर आज ना बंदी आहे, ना बाजाराची झडप. मोहाला ही सवड मिळाली नाही, क्रॅटमलाही मिळाली नाही. आधी ओळख, मग नोंद, मग तपासणी, मग ज्याचे ज्ञान त्याला वाटा आणि सर्वांत शेवटी बाजार, असा सरळ क्रम लावण्याची संधी आपल्या हाती आहे. येत्या पावसाच्या तोंडाशी पालच्या वाटेवर किंवा आंब्यापाड्याच्या ओढ्याकाठी इंचभर मलईरंगी चेंडूंनी लगडलेले झाड दिसले तर मुलांना थांबवून सांगा, हा कदंब नव्हे आणि हेदूही नव्हे, हा कळंब. नावाने हाक मारता येते ते झाड तोडताना माणूस निदान एकदा तरी थबकतो.